बारा महिन्यांचे गाव

२०११ सालच्या जनगणनेचे प्रगणक फेब्रुवारीच्या ९ तारखेपासून २८ तारखेपर्यंत भंडारा जिल्ह्याच्या घराघरांतून फिरले, तेव्हा साकोली तालुक्यातील नागझिऱ्याच्या काठावर अथवा तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या गोंडांच्या गावांत वर्षातील सर्वांत रिकामा काळ चालू होता. खरिपाचे धान चुरून झाले होते आणि घरखर्चापुरते ठेवून उरलेले विकलेही गेले होते. बांध्यांतील लाखोळी काढणीस आली होती. मोहाची फुले गळू लागण्यास महिना आणि तेंदूची पाने खुडण्यायोग्य होण्यास दोन महिने अवकाश होता. आणि ज्यांच्या मनगटात बळ होते असे पुष्कळसे तरुण नागपूरच्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर, किंवा त्या काळच्या आंध्रात, म्हणजे आजच्या तेलंगणात, मिरचीच्या तोड्यावर निघून गेले होते. अशा वेळी दारात आलेला प्रगणक घरातील बाईला विचारतो की, गेल्या वर्षात तुम्ही सहा महिने किंवा त्याहून अधिक काम केले काय, आणि केले असल्यास ते कोणते; उत्तरासाठी त्याच्याजवळ चार वर्ग असतात: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. जी बाई आषाढात रोवणी करते, कार्तिकात कापणी करते, चैत्रात मोह वेचते, वैशाखात तेंदूची पाने खुडते, आणि मधल्या दिवसांत रोजगार हमीच्या कामावर माती वाहते, तिने या चारांपैकी कोणता वर्ग स्वतःचा म्हणून सांगावा? पुष्कळदा तिची नोंद ‘सीमांत कामगार’ अशी होते, आणि वर्षाच्या बाराही महिने जिचे हात थांबत नाहीत अशी स्त्री राष्ट्राच्या दप्तरात अर्धवेळ कष्ट करणारी ठरते.

आदिवासी गावाची लोकसंख्या आणि त्याची उपजीविका हे दोन स्वतंत्र विषय मानून त्यांचा अभ्यास करण्याची आपली रीत आहे. भंडारा जिल्ह्याचा इतिहास मात्र असे दाखवतो की, कोणाची गणती कोणत्या नावाखाली झाली यावर त्याला जंगल, तलाव आणि जमीन यांवर कोणता हक्क मिळाला हे ठरले, आणि त्या हक्कावर तो गावात राहील की गाव सोडील हे ठरले. गणती, हक्क आणि निर्वाह यांची ही साखळी समजून घेतल्यावाचून या गावांविषयी केलेले कोणतेही विधान अपुरे राहील, ही माझी धारणा आहे, आणि तिच्याच आधाराने पुढील विवेचन केले आहे.

जिल्हा आणि त्यातील माणसे

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला भंडारा जिल्हा १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यापासून भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर अशा सात तालुक्यांचा आहे. २०११च्या गणनेत त्याची लोकसंख्या १२ लाखांच्या किंचित वर भरली. त्यांतील सुमारे ८० टक्के लोक खेड्यांत राहणारे होते, आणि अनुसूचित जमातींचे प्रमाण सात टक्क्यांच्या थोडे वर, म्हणजे महाराष्ट्राच्या सव्वानऊ टक्क्यांच्या सरासरीहून कमी होते. गडचिरोली किंवा नंदुरबारप्रमाणे येथे आदिवासींची सलग वस्ती नाही. गोंड आणि हलबा यांची गावे कुणबी, पोवार, कोहळी, तेली, महार, ढिवर आणि गोवारी यांच्या गावांत मिसळलेली आहेत, आणि एकाच गावात चार-पाच जातींचे टोले शेजारी शेजारी नांदतात. उईके, मडावी, कुंभरे, टेकाम, सयाम, वरकडे, मरसकोल्हे ही आडनावे ज्या टोल्यावर ऐकू येतात तेथे सोयरिक अजूनही देवांच्या संख्येवर, म्हणजे चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे या कुळविभागांवर ठरते. पण रोजच्या व्यवहारात बहुतेकांच्या तोंडी शेजाऱ्यांचीच झाडीबोली असते.

ही मिसळण जुनी आहे. या मुलखावर एके काळी देवगडच्या गोंड राजांची सत्ता होती, आणि तुमसर तालुक्यातील अंबागडचा किल्ला बख्त बुलंदाच्या अमदानीत, १७०० सालाच्या सुमारास उभा राहिला असे मानले जाते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा प्रदेश आला, आणि १८५३ साली तिसरे रघोजी निपुत्रिक निवर्तल्यावर संस्थान खालसा होऊन तो इंग्रजी अमलाखाली गेला. राजवंशाचे लोक प्रजाजन झाले, प्रजाजनांतील पुष्कळजण कुळे झाले, आणि कुळांपैकी अनेक पुढे मालगुजाराच्या, म्हणजे गावाच्या मालकाच्या, घरी वर्षाच्या बोलीने राबणारे सालगडी झाले. एका समाजाची ही उतरण दोन शतकांच्या आत घडली.

त्या उतरणीत दुष्काळांनी भर घातली. १८९१च्या शिरगणतीत त्या वेळच्या, म्हणजे भंडारा, तिरोडा आणि साकोली या तीन तहशिलींच्या, जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ४२ हजारांच्या घरात होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ कोसळल्यानंतर १९०१च्या शिरगणतीत ती ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत सुमारे ८० हजार माणसांची घट झाली, आणि तीही जी भर पडायला हवी होती ती धरलीच नाही तर. धान हे पावसावर सर्वस्वी विसंबून असलेले पीक आहे; ते बुडाले की गावाला जगवायचे ते मोहाची सुकी फुले, रानातील कंद आणि तलावाच्या गाळातील मासे यांनीच. जंगल आणि पाणी यांच्यावरील हक्क ही या लोकांच्या दृष्टीने ऐपतीची वा चैनीची बाब कधीच नव्हती. दुष्काळातील प्राणरक्षणाची ती अखेरची तजवीज होती.

नोंदीत नसलेले आदिवासी

बाहेरच्या वाचकास जी गोष्ट क्वचित ठाऊक असते ती अशी की, स्वातंत्र्यानंतर पाव शतकभर भंडारा जिल्ह्यातील गोंड हा कायद्याच्या दृष्टीने अनुसूचित जमातीचा माणूस नव्हता. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींच्या याद्या निघाल्या, तेव्हा जमातीच्या नावाबरोबर प्रदेशाचीही मर्यादा घालण्यात आली. विदर्भापुरते बोलायचे तर मेळघाट तालुका, चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा या तहशिली आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ या तहशिली एवढ्याच मुलखातील गोंड यादीत आले. भंडाऱ्याचा उल्लेख त्यात नव्हता. वैनगंगेच्या खालच्या अंगाला गडचिरोलीत राहणारा गोंड आदिवासी ठरला, आणि त्याच्याच देवाची पूजा करणारा, त्याच्याच कुळाशी सोयरिक जुळवणारा साकोलीचा गोंड मात्र शिष्यवृत्ती, राखीव जागा व जमिनीचे संरक्षण यांपासून दूर राहिला.

१९७६च्या दुरुस्ती अधिनियमाने ही प्रादेशिक मर्यादा उठवली, आणि तो पुढील वर्षी अमलात आला. त्याचा परिणाम राज्याच्या आकड्यांत स्पष्ट दिसतो: १९७१च्या गणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची संख्या साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होती, ती १९८१मध्ये सत्तावन्न लाखांच्या वर गेली. कोणत्याही समाजात दहा वर्षांत इतकी वाढ जन्माने होत नाही. ती नोंदीने झाली. जे लोक आपापल्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते त्यांना शासनाने या वेळी प्रथम पाहिले, असाच त्याचा अर्थ.

परंतु सीमा पुसली की नवे वाद उभे राहतात. विणकाम करणाऱ्या कोष्टी समाजातील पुष्कळांनी आपण हलबा असल्याचा दावा केला. तो सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद प्रकरणात अमान्य केला. गोवारी समाजाचा प्रश्न तर रक्ताने लिहिला गेला आहे. आपल्याला अनुसूचित जमातीत घ्यावे या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या विधानभवनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी, बहुसंख्येने स्त्रिया आणि मुले, मृत्युमुखी पडले. २०१८मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये फिरवला. न्यायशास्त्राच्या दृष्टीने यादीतील शब्दाला न्यायालयांनी हात लावू नये हे तत्त्व सुसंगत आहे. पण गोवारी ज्या रानात गावची गुरे चारतो त्याच रानात त्याचा गोंड शेजारी मोह वेचतो, दोघांचा निर्वाह एकाच झाडीवर चालतो, आणि दप्तर मात्र त्यांना दोन वेगवेगळ्या खात्यांत टाकते, ही विसंगती तत्त्वाच्या शुद्धतेने नाहीशी होत नाही.

आणखी एक बाब लक्षात ठेवली पाहिजे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रांत भंडारा जिल्ह्याचा समावेश नाही. म्हणून त्या क्षेत्रांतील ग्रामसभांना १९९६च्या पेसा कायद्याने दिलेले अधिकार येथील गोंड गावांना नाहीत. भंडाऱ्यास आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे आणि योजनाही आहेत, परंतु योजना म्हणजे अधिकार नव्हे, हे येथील गावकरी अनुभवाने जाणतात.

मालगुजारी, तलाव आणि निस्तार

१८६०च्या दशकातील बंदोबस्तात इंग्रजांनी या प्रदेशात मालगुजारांस गावाची मालकी बहाल केली. शेती, पडीत, तलाव आणि गावालगतचे रान ही सारी मालगुजाराच्या नावे लागली. रयतेकडे राहिला तो निस्तार, म्हणजे घरासाठी लाकूड, चुलीसाठी सरपण, गुरांसाठी चराई, कुंपणासाठी काट्या आणि औतासाठी लागणारे लाकूड फुकट वा नाममात्र मोबदल्यात घेण्याचा वहिवाटीचा हक्क. या वहिवाटी गावागणिक वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात नोंदवल्या गेल्या. कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या बांधीस आधी मिळावे, मासे कोणी धरावेत, वाट कोठून जावी हे त्यात लिहिलेले असे. शेतकऱ्याच्या घरी सातबाऱ्याला जे स्थान आहे, ते गावाच्या सामायिक जीवनात या कागदाला होते.

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत, आणि भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा हे नाव त्यांच्यामुळेच मिळाले. त्यांच्या उभारणीत कोहळी समाजाचे कौशल्य सर्वमान्य आहे; पण पाळीवर माती टाकणारे आणि दरवर्षी गाळ काढणारे हात गोंड, गोवारी, ढिवर आणि महार यांचेही होते. उतारावर मातीची पाळ घालावी, पाणी सोडण्यास तुडूम ठेवावे, अतिरिक्त पाणी जाण्यास सलंग ठेवावी, आणि एका तलावाचे वाहून गेलेले पाणी खालच्या तलावाने वा बोडीने, म्हणजे लहान तळ्याने, झेलावे, अशी ही साखळी असे. पावसाने ऐन पोटरीच्या वेळी दडी मारली तर एका पाण्याने धान वाचवण्याचे काम ती करीत असे.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१पासून हे तलाव व खाजगी रान सरकारजमा झाले. जुलमी मध्यस्थ गेला हे न्याय्यच झाले. पण त्याबरोबर जी जबाबदारी गावाने वाहिली होती तीही खात्यांत वाटली गेली: पाणी सिंचन विभाग आणि जिल्हा परिषद यांकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे, पाळीवरील झाडे महसूल खात्याकडे, आणि भोवतीचे रान वन खात्याकडे. चार खात्यांचा मिळून एक तलाव झाल्यावर गाळ काढण्याचे काम कोणाचेच राहिले नाही. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आज त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांपैकी अनेक बेशरमीच्या झुडपांनी आणि अतिक्रमणांनी अर्धे भरलेले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १६१मध्ये निस्तार-पत्रकाची आणि कलम १६५मध्ये वाजिब-उल-अर्जची तरतूद आजही शाबूत आहे. गावोगावच्या कारभारात मात्र त्यांचा विचार क्वचितच होतो.

रानाच्या वाट्याला याहून गुंतागुंतीचे दैव आले. शेतीस अयोग्य, गुरांच्या चराईस व सरपणास उपयोगी अशा जमिनी जुन्या दप्तरांत ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेल्या होत्या. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांतील या जमिनी वनजमिनीच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. १२ डिसेंबर १९९६पूर्वी झालेल्या वाटपांना नियमित करण्याची वाट त्याने मोकळी ठेवली आहे. रान राखले जावे ही इच्छा आदिवासीइतकी कोणाची असणार? तथापि ज्या गावाची गुरे, गोवऱ्या आणि सरपण त्या झुडपीवर अवलंबून आहेत, त्या गावाचा निस्तार या निर्णयाच्या अंमलबजावणीत कागदावर लिहिला जातो की नाही, यावर त्याचे खरे फळ ठरेल.

वर्षाचे चक्र

येथील गोंड कुटुंबाच्या निर्वाहाचा मुख्य खांब धान हाच आहे. मृगाच्या सरीनंतर रोपांसाठी परहे टाकले जातात, आणि तीन-चार आठवड्यांनी बांध्यांत चिखल करून रोवणी सुरू होते. रोवणी हे सर्वस्वी स्त्रियांचे काम आहे. गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून, कधी रोजीने तर कधी गुत्त्याने, वीस-पंचवीस जणींची रांग मागे सरकत जाते आणि ओसाड चिखल हिरवा होत जातो. ज्यांची स्वतःची बांधी एक-दोन एकरांची आहे ते आधी दुसऱ्याच्या शेतावर रोवणी करतात, कारण बियाणे व खतासाठी घेतलेली उचल त्या मजुरीतून फिटते. म्हणून गरिबाचे धान नेहमी उशिरा लागते आणि पावसाने लवकर पाठ फिरवली तर पहिला फटका त्यालाच बसतो. कापणीनंतर भारे बांधून पुंजणे रचतात, आणि त्या आधी उभ्या धानाच्या ओलीत लाखोळी, जवस वा हरभरा फेकून दुसरे पीक विनानांगरणीचे साधतात.

२०२५-२६च्या हंगामासाठी सर्वसाधारण धानाचा आधारभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता, आणि आदिवासी विकास महामंडळ व पणन महासंघ यांच्या वतीने सहकारी संस्थांमार्फत खरेदी चालते. पण केंद्रावर धान नेण्यास सातबारा लागतो. जो दुसऱ्याची जमीन बटईने करतो, ज्याच्या बापाच्या नावावरून वारसाची नोंद फिरलेली नाही, अथवा जो वनजमिनीवरील दाव्याच्या निकालाची वाट पाहत आहे, त्याला खेड्यातील व्यापाऱ्याच्या काट्यावर, व्यापारी देईल त्या भावाने धान घालावे लागते. भंडाऱ्याच्या सुगंधी चिन्नोर तांदळास २०२३ साली भौगोलिक मानांकन लाभले, ही जिल्ह्यास भूषणावह गोष्ट होय. त्या मानांकनाचा लाभ दोन एकरवाल्या आदिवासीपर्यंत पोहोचवणे हे मात्र अजून व्हायचे आहे.

फाल्गुन संपता संपता मोह गळू लागतो. पहाटे, सूर्य वर येण्याआधी, घरातील लहानमोठी सारी माणसे टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जातात. झाड सरकारी रानातले असले तरी कोणत्या झाडाची फुले कोणत्या घराने वेचायची हे वहिवाटीने ठरलेले असते, आणि ती वहिवाट कोणीही मोडत नाही. फुले अंगणात वाळवून काही विकतात, काही भाकरीत वा भाजून खाण्यास ठेवतात, आणि काहींची दारू गाळली जाते, जी देवाच्या पूजेपासून मर्तिकापर्यंत प्रत्येक विधीत लागते. पुढे ज्येष्ठात त्याच झाडाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल निघते. अबकारीच्या कायद्यांनी दीर्घ काळ मोहफुलाकडे केवळ दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले, आणि अन्न असलेली वस्तू बाळगल्याबद्दल आदिवासीस पोलिसांचे भय वाटावे अशी स्थिती निर्माण केली; साठवण व वाहतूक यांवरील ती बंधने महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये सैल केली. झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याच्या रीतीमुळे मात्र वणवे लागतात, आणि ही रीत गावानेच सोडली पाहिजे, असे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

मोहामागोमाग तेंदू येतो. माघ-फाल्गुनात खुटकटाई, म्हणजे छाटणी, करून ठेवलेल्या झुडपांना वैशाखाच्या तोंडाशी कोवळी, रुंद पाने फुटतात. ती पहाटे खुडून दुपारी घरी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. अशा हजार पुडक्यांची एक मानक बोरी होते. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, पण त्यात हाती आलेल्या रोख रकमेवर मुलांची वह्यापुस्तके, लग्नाचे कापड आणि पेरणीचे बियाणे निघते. १९६९च्या महाराष्ट्र वनउपज कायद्याने या व्यापाराचे नियमन शासनाकडे आले. ज्या गावांनी वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले, ती स्वतः लिलाव करून पानाची विक्री करू शकतात. इतर गावांत कुटुंब केवळ मजुरीचे धनी असते, मालाचे नव्हे.

याच पानांवर भंडारा, तुमसर, गोंदिया या भागातील बिडी-उद्योग उभा राहिला. सट्टेदाराकडून तंबाखू आणि पान आणून घरोघरच्या स्त्रिया बिड्या वळतात. हजारी दराने हिशेब होतो, आणि सदोष ठरवलेल्या बिड्या ‘छाट’ म्हणून वजा होतात. १९६६च्या बिडी व सिगार कामगार अधिनियमाने घरबसल्या काम करणाऱ्या बाईस कामगार म्हणून मान्यता दिली, तरी तिचे नाव नोंदवहीत येणे ही वेगळी लढाई असते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोसे वाढवणारे ढिवर, तलावात जाळे टाकणारे ढिवर आणि जंगलातून चारोळी, हिरडा, मध आणि पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातील अळिंबी, आणणारे गोंड, ही सर्व माणसे एकाच वर्षचक्राचे निरनिराळे भाग सांभाळतात.

खाण, धरण आणि अभयारण्य

तुमसर तालुक्याच्या उत्तरेस भूगर्भात मँगेनीज आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणी विसाव्या शतकाच्या आरंभापासून गाजत आल्या. १९६२ साली स्थापन झालेली मॉयल ही सरकारी कंपनी आज त्या चालवते. खाणीने गोंड मजुरास आठवड्याचा पगार, रेल्वे आणि दवाखाना दाखवला, हे नाकारता येत नाही. त्याचबरोबर तिने शेती आणि रान यांपासून एक अख्खी पिढी अलग केली, आणि यंत्रे वाढली तशी मजुरांची गरज घटत गेली.

बावनथडी नदीवर महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प झाला, त्यात तुमसर तालुक्यातील कमकासूर आणि सुसुरडोह ही आदिवासी गावे विस्थापित झाली. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, आणि त्याच्या बुडीत क्षेत्रानेही अनेक गावे उठवली. पुनर्वसनाच्या हिशेबात घर, शेत, विहीर आणि झाडे यांची किंमत लावली जाते. मोहाच्या झाडावरील वहिवाट, चराईचे रान आणि तलावातील मासे यांची किंमत लावण्यास मात्र त्या तक्त्यात जागाच नसते. म्हणून नुकसानभरपाई घेतलेले कुटुंब कागदावर पूर्ण भरपाई मिळालेले, आणि प्रत्यक्षात वर्षाच्या चार महिन्यांच्या निर्वाहास मुकलेले असू शकते.

नागझिरा अभयारण्य १९७० साली घोषित झाले. व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकाने त्याचे नाव मराठी वाचकांच्या मनात रुजवले. कोका अभयारण्य २०१३मध्ये आले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पिटेझरीसारखे गाव, जेथून पर्यटक नागझिऱ्यात प्रवेश करतात, या बदलाच्या अगदी तोंडाशी आहे: काही तरुणांना मार्गदर्शकाचे किंवा वनमजुराचे काम मिळाले, पण ज्या रानात आजोबा गुरे नेत असत तेथे नातवास तिकीट काढणाऱ्या पाहुण्याबरोबरच जाता येते. रानडुकरे धानाची नासाडी करतात. मोह आणि तेंदूच्या हंगामात पहाटे रानात वाकून बसलेल्या माणसावर वाघाचा हल्ला होण्याच्या घटना पूर्व विदर्भात वारंवार घडतात. वाघ वाचावा असे मला मनापासून वाटते. आणि तितक्याच मनापासून असेही वाटते की, त्याच्या रक्षणाचा भार त्याच्या शेजारी राहणाऱ्या सर्वांत निर्धन माणसाने एकट्याने वाहू नये.

गाव केव्हा पूर्ण भरते

या साऱ्या उत्पन्नांची बेरीज जेव्हा वर्षास पुरत नाही, तेव्हा माणूस गाव सोडतो. रोजगार हमीचे काम २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत केंद्राच्या कायद्याने सुरू झाले त्यांत भंडारा होता, आणि पुष्कळ कुटुंबांना त्याने माघ ते ज्येष्ठ या कठीण काळात गावीच थांबवून धरले. मजुरी मिळण्यास उशीर झाला की मात्र कंत्राटदाराची रोख उचल अधिक जवळची वाटू लागते. बाहेर गेलेल्या मुलाची शाळा तुटते, आणि ज्या घरात सिकल सेलचा आजार आहे, जो या भागातील आदिवासी व दलित कुटुंबांत दुर्मीळ नाही, तेथील रुग्णाचे औषधोपचारही तुटतात.

दिवाळी आली की गाव परत भरू लागते. बलिप्रतिपदेस गोवारी गायी सजवून गोधन खेळवतात, ढाल उभारली जाते, आणि त्यानंतर महिनाभर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार व ढोलांचा नाच, रात्री दंडार आणि झाडीपट्टीचे नाटक. त्या गर्दीत सोयरिकी जुळतात, उसने फेडले जाते, आणि कोण कोठे कामास जाणार याच्या गोष्टी ठरतात. जनगणना जर मंडईच्या दिवसांत झाली तर या गावांची लोकसंख्या निराळीच भरेल. पुढील जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ही जाहीर झाली आहे. म्हणजे याही वेळी ती गाव रिकामे असतानाच होणार आहे. निदान हंगामी स्थलांतराची आणि वर्षातील सर्व कामांची स्वतंत्र पाहणी ग्रामपंचायतींनी आपल्या पातळीवर केली, तर चार वर्गांत न मावलेले जीवन कोठेतरी नोंदले जाईल.

त्याहून मोठे काम हक्कांचे आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने निस्तार, गौण वनोपजाची मालकी आणि सामूहिक वनसंपत्तीचे व्यवस्थापन हे तिन्ही हक्क शब्दशः मान्य केले आहेत, आणि तो कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या भंडाऱ्यासही लागू आहे. गडचिरोलीतील मेंढा गावाने २००९मध्ये सामूहिक हक्क मिळवून वाट दाखवली. भंडाऱ्यात अडचण अशी की, गोंडास १३ डिसेंबर २००५पूर्वीची वहिवाट दाखवणे पुरते, पण त्याच्या गोवारी किंवा ढिवर शेजाऱ्यास तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. वैयक्तिक दाव्यात हा भेद शेजाऱ्यांना एकमेकांपासून तोडतो. सामूहिक दावा मात्र गावाच्या नावे होतो, आणि त्यात गोंड, गोवारी, ढिवर असे सर्व मिळून एकच ग्रामसभा असतात. त्या दाव्यासाठी लागणारा सर्वांत बळकट पुरावा, म्हणजे जुने निस्तार-पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, सरकारच्याच अभिलेखागारात पडून आहे. तहसील कार्यालयाने तो काढून प्रत्येक गावाच्या ग्रामसभेपुढे मराठीत वाचून दाखवावा, तलावाची पाळ, पाणी व मासे यांचा कारभार एका गावसमितीकडे सोपवावा, आणि पुनर्वसनाच्या प्रत्येक हिशेबात वहिवाटीच्या झाडाचीही किंमत धरावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. पंचवीस वर्षे ज्यांना आपण आदिवासी म्हणून मोजलेच नाही, त्यांच्या वंशजांना निदान त्यांच्याच गावचा कागद दाखवणे हे आपले देणे आहे, आणि ते फेडणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.